पदवी मिळाली, हुन्नराचे काय?



ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अक्षर नव्हते, त्या घरात आज बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी अभियांत्रिकीचे पदवीपत्र लागते, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु ते पदवीपत्र लावून वर्ष उलटले तरी मुलगा घरीच आहे, अथवा पदवीशी संबंध नसलेल्या कामावर जात आहे, असेही आपल्या वस्त्यांतून दिसते. याचा दोष मुलाच्या बुद्धीला देऊन आपण मोकळे होतो. दोष तेथे नाही.

पदवी हे ज्ञानाचे प्रमाण आहे. नोकरी देणारा कामाचे प्रमाण मागतो. स्थापत्य अभियंत्याला दरसूची पाहून अंदाजपत्रक करता येते काय? मोजमाप पुस्तकात नोंद घेता येते काय? यांत्रिकी शाखेच्या मुलीने मायक्रोमीटर परीक्षेपुरता हाताळला, की कारखान्यात रोज हाताळला? काम का बिघडले, हे वरिष्ठांना चार स्वच्छ वाक्यांत लिहून कळविता येते काय? ज्याचा काका कंत्राटदार आणि मामा कारखान्याचा व्यवस्थापक, तो मुलगा या गोष्टी जेवणाच्या पंगतीत शिकतो. आपल्या मुलांना ती पंगत लाभली नाही. ती कायद्याच्या आधारे मिळवावी लागेल.

परमपूज्य बाबासाहेबांनी ही गरज फार आधी ओळखली होती. मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी कला व कायद्यापेक्षा विज्ञान व तंत्रशिक्षण आपल्या समाजाला अधिक तारक ठरेल असे मांडले, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली. एका बॅरिस्टरने हे लिहावे, यातील मर्म आम्हा वकिलांनी तरी विसरू नये.

आज त्या मागणीला कायद्याचे पाठबळ आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते आले. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. कलम ३-अ अन्वये अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवावयाच्या असतात. विद्यावेतन मालकाने द्यावयाचे असून त्याचा काही भाग केंद्र शासन उचलते. आपल्या विभागाचे काम मुंबईचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहते. या उमेदवारीने नोकरीची हमी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु कारखान्याचे बंद दार उघडते. करारनामा नोंदविल्यावाचून कामास लागू नका. आणि जो मनुष्य उलट तुमच्याकडूनच पैसे घेऊन 'प्रशिक्षण पूर्ण' असा कागद देतो, त्याच्या दारी जाऊ नका. तो कागद मुलाखतीच्या पहिल्या प्रश्नालाच फाटतो.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक भीती असते: बौद्ध म्हटले तर मुलाची सवलत जाईल. ही भीती निराधार आहे. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा कायम केला. म्हणून अर्जावर जुना धर्म लिहून धम्म लपवू नका. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढा, आणि सर्व कागदपत्रांत एकवाक्यता ठेवा.

हक्काच्या बरोबरीने कर्तव्य येते. आपल्यातील जे अभियंते नोकरीत स्थिर झाले, त्यांनी रविवारी दोन तास विहारात द्यावेत. मुलांना अर्ज लिहावयास लावावे, नकाशा वाचावयास शिकवावे, इंग्रजीत व मराठीत प्रश्न विचारून निर्भयपणे बोलावयास लावावे. मुलींना मागील रांगेत बसवू नये. विहाराच्या समितीने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी करावी आणि प्रत्येकामागे एक जाणता माणूस उभा करावा. याला वर्गणी लागत नाही. लागते ती आस्था.

आपण विहारात मंगलसुत्त म्हणतो. भगवंतांनी त्यात बहुश्रुततेशेजारी शिल्पाला, शिस्तीला आणि सुभाषित वाणीला उत्तम मंगल म्हटले आहे. विद्या, हातचे कसब, शिस्त आणि बोलणे: मालक मुलाखतीत याहून निराळे काय पाहतो? जे आपण मुखाने म्हणतो, ते मुलांच्या हाती द्या. सम्यक आजीविकेचा मार्ग तेथूनच सुरू होतो.