दातांवर चिनी मातीचा पापुद्रा बसवताय?

मैत्रिणींनो, घरात लग्न ठरलं की दागिने, ब्लाऊज, मेंदी या यादीत हल्ली मुलीच्या दातांचाही नंबर लागतो. पुढच्या दातांवर चिनी मातीचे पापुद्रे, म्हणजे व्हेनीअर, बसवले तर टिकतात का? हळद-चहानं पिवळे पडतात का? असं बऱ्याच जणी विचारतात.

आधी डागांचं पाहू. आपली कपबशी आठवा. चकाकी शाबूत असेपर्यंत कितीही चहा ओता, ती पिवळी पडत नाही. डाग धरते ती तडा गेलेली रेघ. इथंही तसंच. चिनी मातीवर डाग सहसा चढत नाही, पण पापुद्रा दाताला जिथं चिकटवलेला असतो, त्या कडेला कालांतरानं तपकिरी रेघ दिसू शकते. म्हणून मशेरी, राख, कोळशाची पूड यांनी दात घासणं बंद! चहानंतर चूळ भरावी, ब्रश मऊ असावा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यावर उपचार करून घ्यावेत.

नीट बसवलेला पापुद्रा साधारण १० ते १५ वर्षं टिकतो. पण दातांनी दोरा तोडणं, सेफ्टी पिन उघडणं, सुपारी फोडणं या आपल्या सवयी मात्र सोडायला हव्यात. झोपेत दात खायची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रात्री घालायचं आवरण बनवून मिळतं.

आता खरी गोष्ट. पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण त्याला जागा करायला बहुतेक वेळा दाताचं वरचं कठीण कवच घासावं लागतं. ते पुन्हा येत नाही. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलीला हे काम जन्मात तीन-चारदा करावं लागणार, आणि प्रत्येक वेळी खर्च आहेच.

तेव्हा नुसता पिवळटपणा असेल तर आधी दात साफ करून घ्या, हवं तर डॉक्टरांकडून ब्लीचिंग करा. हे पापुद्र्याच्या आधीच करायचं, कारण चिनी मातीचा रंग ब्लीचिंगनं बदलत नाही. दात तुटका किंवा फार डागाळलेला असेल, तर पापुद्र्याचा विचार जरूर करावा. मात्र तो मुलीच्या स्वतःच्या इच्छेनं, पाहुण्यांच्या बोलण्यावरून नव्हे. लग्नाचे फोटो एका दिवसाचे, दात मात्र तिला जन्मभर वापरायचे आहेत.