दानपत्रातील निनावी माणसे

वैभववाडीहून तळेरे आणि तेथून महामार्गाने खारेपाटण हा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. याच खारेपाटणला सापडलेल्या ताम्रपटामुळे दक्षिण कोकणच्या शिलाहार राजघराण्याचा इतिहास उजेडात आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या मनातील इतिहास सम्राट अशोक व सातवाहन यांच्यापासून निघून थेट शिवकाळाशी थांबतो. मधली हजार वर्षे जणू कोरीच! ती कोरी नाहीत. ती वाचण्याची जबाबदारी आता आपण घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मध्ये चालुक्यांचा मांडलिक रट्टराज याने हा ताम्रपट दिला. त्यात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्यांची वंशावळ आहे. अव्वेश्वराच्या मंदिरासाठी एका शैव आचार्यास तीन गावे दिल्याची नोंद आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण मंदिरास नेमून दिला आहे. आपली खाडी तेव्हा दूरदेशीच्या व्यापाराशी जोडलेली होती, याचा हा पुरावा होय. पण त्याच यादीत आणखी एक दान आहे : दासी, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबे. राजांची दहा नावे तांब्यावर कोरली गेली. या माणसांची ओळख मात्र केवळ त्यांच्या कामाची.

त्या काळी बौद्ध धम्म नामशेष झाला होता, हा समजही अपुरा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात, कान्हेरीच्या विहारास गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने नवव्या शतकात शंभर द्रम्म दिले. घाटापलीकडे कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य याने १११० च्या सुमारास एका तलावाकाठी शिव, बुद्ध व अर्हत यांची मंदिरे उभारली. दक्षिणेत शैव चोळ राजा राजराजाने नागपट्टणच्या चूडामणी विहारास आनैमंगलम् हे गाव दिले. तो विहार सागरापारच्या श्रीविजय राज्याच्या शैलेंद्र राजांनी बांधलेला होता.

राजांची ही उदारता नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्व धर्मांना दान देणारे राज्य सर्व माणसांना समान मानणारे असतेच असे नाही. गाव दान दिले, की तेथील कष्टकऱ्यांचा धनी बदलत असे. त्यांची संमती कोणी विचारीत नसे. म्हणून कोणत्याही युगाची परीक्षा दात्याच्या कीर्तीवरून न करता, ज्यांना दान म्हणून देऊन टाकले त्यांच्या स्थितीवरून केली पाहिजे.

या वसतिगृहातून शिकून गेलेली आपली मुले आज शिक्षक, अभियंते, अधिकारी आहेत. त्यांतील काहींनी तरी पुराभिलेख आणि जुन्या लिप्या शिकाव्यात. पालकांनी मुलांना एकदा खारेपाटणला न्यावे, खाडीकाठी उभे करून हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुटुंबांविषयी सांगावे. ज्यांची नावे कोणी कोरली नाहीत, त्यांचा इतिहास लिहिणे हे त्यांच्या लेखणी हाती आलेल्या वारसांचे कर्तव्य आहे.