‘टॅक्स डीलरने भरलाय’ एवढं ऐकून सही करू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण या महिन्यात कुणी डेमो गाडीवर सही करणार असेल, तर त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या पार्सिपनीच्या पालकांमध्ये हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. मुलगी सतराची झाली, प्रोबेशनरी लायसन्स आलं, प्लेटवर लावायचे लाल स्टिकर आणले, आता घरात तिसरी गाडी पाहिजे. कोरी करकरीत गाडी पोरीच्या हातात द्यायला जीव धजत नाही, आणि कुणा अनोळखी माणसाची लाखभर मैल पळालेली गाडी घ्यायलाही धजत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं: डेमो घ्या, नवीच असते, पाच-सहा हजार मैल झालेले असतात, चार-पाच हजार डॉलर वाचतात, "आणि टॅक्सचं काय, तो डीलरने आधीच भरलेला असतो." खाली वीस-पंचवीस अंगठे.

बाकीचं बऱ्याच अंशी खरं असतं. टॅक्सचं वाक्य साफ खोटं आहे, आणि ते वर्षानुवर्षं आपल्यातच फिरतंय याचा मला राग येतो. कारण हे वाक्य डीलरला स्वतः बोलावंही लागत नाही. आपणच एकमेकांना सांगतो आणि तो फक्त मान डोलावतो.

हे वाक्य येतं कुठून, ते बघा. येतं आपल्या गावाकडून. महाराष्ट्रात खाजगी गाडीचा रोड टॅक्स नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो आणि तो गाडीला चिकटतो. नंतर गाडी दुसऱ्याला विकली तर फॉर्म २९, फॉर्म ३०, हस्तांतराची फी, संपलं. राज्यातल्या राज्यात पुन्हा रोड टॅक्स नाही. त्यामुळे पुण्यात "टॅक्स भरलेली गाडी आहे" याला अर्थ असतो. (कोल्हापूरची गाडी बेळगावात कायमची नेली तर मात्र बारा महिन्यांनंतर कर्नाटकची नोंदणी आणि तिथला टॅक्स मागे लागतो. सीमाभागातल्या लोकांना हे पाठ असतं.)

न्यू जर्सीत रोड टॅक्स नावाची चीजच नाही. इथे सेल्स टॅक्स आहे आणि तो गाडीला चिकटत नाही, व्यवहाराला चिकटतो. सध्याचा दर ६.६२५ टक्के, १ जानेवारी २०१८ पासून. तीच गाडी चारदा विकली गेली तर राज्य चारदा टॅक्स घेतं. डीलरने ती डेमो म्हणून वर्षभर फिरवली, लोनर म्हणून सर्व्हिसच्या गिऱ्हाइकांना दिली, स्वतःच्या नावावर टायटल काढलं, काहीही केलं असो. तुम्ही विकत घेतली की तुमच्या किमतीवर तुमचा टॅक्स. ३८,००० डॉलरची गाडी असेल तर २,५१७ डॉलर ५० सेंट. यातला एक सेंटही कुणी "आधीच" भरलेला नसतो.

मॉरिस काउंटीतल्या एका डीलरकडे मैत्रिणीबरोबर मी हेच ऐकलं. विक्रेता गोड आवाजात म्हणाला, "टॅक्स इज ऑल टेकन केअर ऑफ." मैत्रिणीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे बघ, मी म्हणत नव्हते? कागद आला तेव्हा टॅक्सची ओळ जिथल्या तिथे होती. "टेकन केअर ऑफ" म्हणजे आकडेमोड त्यांनी केली होती, पैसे आम्ही द्यायचे होते. वर डॉक फी, आणि कुणी न मागितलेलं काचा रंगवण्याचं पॅकेज. तो माणूस तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलला नाही. आम्ही काय ऐकू हे त्याला माहीत होतं, एवढंच.

आता कुणी लगेच लिहील की डेलावेअरमधून आणा, तिथे सेल्स टॅक्स नाही. आणा की. न्यू जर्सीत नोंदणी करताना एमव्हीसी ६.६२५ टक्के मागणारच. एलिझाबेथ किंवा पॅटरसनमध्ये अर्धा टॅक्स लागतो हेही ऐकलंय मी. अर्बन एंटरप्राइझ झोनची ती सवलत मोटारगाड्यांना नाही.

खरा प्रश्न टॅक्स भरला का, हा नाहीच. खरा प्रश्न आहे: या गाडीचं टायटल याआधी कुणाच्या नावावर निघालं होतं का? हा प्रश्न मी अजून एकाही आई-बापाला विचारताना ऐकलेला नाही. डीलरच्या टेबलाशी बसून आपण रंग विचारतो, मैल विचारतो, रिव्हर्स कॅमेरा विचारतो.

कारखान्यातून निघालेल्या गाडीबरोबर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन येतं, तिचा जन्मदाखला म्हणा. डीलरने तिला डीलर प्लेटवर फिरवलं आणि टायटल काढलंच नाही, तर पहिलं टायटल तुमच्या नावावर निघतं आणि राज्याच्या कागदावर ती नवी गाडी असते. टायटल डीलरच्या नावावर निघून गेलं असेल, जसं लोनर गाड्यांचं बरेचदा होतं, तर ती जुनी. शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात, दोन्हींच्या काचेवर ‘डेमो’ लिहिलेलं असतं, दोन्हींवर सात हजार मैल. पण कागदावर त्या वेगळ्या आहेत, आणि तुमचे पैसे कागदावरून ठरतात.

कसे, ते सांगते. नव्या गाडीची पहिली नोंदणी इथे चार वर्षांची एकदम भरावी लागते, जुनीची वर्षाची. पेट्रोल गाडीत फरक सोसण्यासारखा आहे. इलेक्ट्रिक गाडीत नाही. जुलै २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला २५० डॉलरची जादा फी आली, ती दरवर्षी १० डॉलरने वाढत २९० पर्यंत जाते, आणि नव्या गाडीला चार वर्षांची एकत्र द्यावी लागते. सुरुवातीला ती रक्कम १,०६० डॉलर होती. इलेक्ट्रिक गाड्यांची सेल्स टॅक्समधली सूटही संपली: १ ऑक्टोबर २०२४ ला अर्धी गेली, १ जुलै २०२५ ला पूर्ण. "आम्हाला तर टॅक्सच लागला नव्हता" असं सांगणाऱ्या दादांनी आपली खरेदी कुठल्या साली झाली तेही सांगावं.

उलटीही बाजू आहे. ४५,००० डॉलर किंवा त्याहून महाग नव्या गाडीवर राज्य ०.४ टक्के सरचार्ज घेतं. कागदावर गाडी जुनी असेल तर तो नाही. लेमन लॉही दोन आहेत. नव्या गाडीचा २४ महिने किंवा २४,००० मैल, जे आधी संपेल ते. जुनीचा, २४,००० मैलांच्या आत असेल तर, फक्त ९० दिवस किंवा ३,००० मैल. चोवीस महिने आणि नव्वद दिवस! पोरीला रात्री रूट ८० वर गाडी बंद पडली म्हणून फोन करावा लागला, तर हा फरक तुम्हाला कळेल.

शिवाय फेडरल आयकर. २०२५ ते २०२८ या करवर्षांत नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा करता येतं. गाडीची अंतिम जोडणी अमेरिकेत झालेली हवी, कर्ज २०२४ संपल्यानंतरचं हवं आणि गाडीचा मूळ वापर तुमच्यापासून सुरू झालेला हवा. डीलरच्या नावावर टायटल निघालेल्या गाडीला ही शेवटची अट पार करणं अवघड. (नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दोन लाखांवर गेलं की ही सवलत झपाट्याने आटते, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना ती तशीही मिळणार नाही. विक्रेता मात्र सगळ्यांना सांगतो.)

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या दुतोंडीपणाची. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे, गाडी हलवण्यापुरती किंवा तपासण्यापुरती चालवली त्याहून जास्त चालली की ती ‘यूज्ड’, म्हणजे डेमोसुद्धा, आणि तिच्या काचेवर बायर्स गाइडचा कागद लावलाच पाहिजे. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या डीलरला हे माहीत नसतं? किंमत सांगताना गाडी "ऑलमोस्ट न्यू", वॉरंटीचं विचारलं की "वेल, इट्स अ डेमो". कंपनीची वॉरंटी साधारणपणे गाडी वापरात आणली त्या दिवसापासून मोजली जाते. दहा महिने आणि ५,८०० मैल झालेली डेमो असेल तर ३६ महिने, ३६,००० मैलांतले तुमच्या वाट्याला २६ महिने आणि ३०,२०० मैल उरले. ती वापरात आल्याची तारीख लेखी मागा. तोंडी सांगितलेली तारीख मोजू नका.

आणि डॉक फी. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात डीलरला १७५ डॉलरच्या वर डॉक फी घेता येत नाही. न्यू जर्सीत मर्यादाच नाही, आणि त्या फीवर पुन्हा ६.६२५ टक्के टॅक्स! समजा फी ८०० डॉलर आहे, तर तुम्ही ८५३ देता, चार कागद छापल्याबद्दल. कोणत्या कामाचे किती पैसे, याची लेखी फोड मागण्याचा हक्क इथल्या नियमांनी आपल्याला दिलाय. आपण मागत नाही. मागायला लाज वाटते, "तेवढ्यासाठी काय" वाटतं. भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण, इथे आलो की एकदम उदार होतो. आपल्या आमदारांकडे, म्हणजे ट्रेंटनला जे आपण निवडून पाठवतो त्यांच्याकडे, मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: डॉक फीला न्यूयॉर्कसारखी मर्यादा, आणि ऑर्डरच्या पहिल्या पानावर "या गाडीचं टायटल पूर्वी निघालं होतं: हो / नाही" अशी एक ओळ. तुम्हीही मागा.

"सूट मिळतेय ना, मग कशाला कटकट?" हा आक्षेप येणारच. सूट कशावर मिळतेय ते बघा. स्टिकरवरच्या किमतीवर. त्या किमतीला कोरी गाडी तरी कोण घेतं? त्याच मॉडेलच्या कोऱ्या गाडीचा प्रत्यक्षातला भाव लेखी आणा आणि त्यातून वजाबाकी करा. चार हजारांची सूट कधी कधी बाराशेवर येते. सूट कोण देतं तेही बघा. डीलरने स्वतः किंमत कमी केली तर कमी किमतीवर टॅक्स. कंपनीचा रिबेट असेल तर रिबेटच्या आधीच्या किमतीवर टॅक्स. ५,५०० डॉलरच्या सवलतीत हा फरक ३६४ डॉलरचा होतो. मात्र जुनी गाडी ट्रेड-इन दिली तर तिची किंमत वजा होऊन टॅक्स लागतो. ९,००० ची गाडी दिलीत तर ५९६ डॉलर वाचले. स्वतः विकून ९,३०० मिळवणाऱ्यांनी हे गणित करून बघावं.

देशात आई-बाबांसाठी डेमो गाडी बघत असाल तर तिथे टॅक्स खरंच भरलेला असतो, पण तिथेही गोम आहे. महाराष्ट्रात १२ लाखांची पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली तर १२ टक्के, म्हणजे १,४४,००० रुपये. कंपनीच्या नावावर २० टक्के, म्हणजे २,४०,०००. डीलर कंपनी असेल आणि डेमो तिच्या नावावर असेल तर ते ९६,००० त्याचे गेले, आणि तो ते किमतीत घालून तुमच्या बाबांकडून काढायला बघणार. शिवाय बाबा आरसी बुकावर दुसरे मालक. तुलना ऑन-रोड किमतीशी करायची ती वैयक्तिक दराच्या, कंपनीच्या नाही. इंग्लंडमधल्या मंडळींनी वेगळं बघायचं: गाडीचा टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही, घेतली त्या दिवशी स्वतः भरावा लागतो. आणि ४०,००० पौंडांवरच्या पेट्रोल-डिझेल गाडीची जादा पट्टी यादीतल्या किमतीवर ठरते, तुम्ही दिलेल्या नाही. ४२,००० ची गाडी ३५,००० ला मिळाली तरी पट्टी बसतेच.

डेमो गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. टायटल न निघालेली, वॉरंटी बरीच उरलेली, भाव खरा उतरलेला असेल तर मीही घेईन. ज्यांना या आठवड्यात सही करायची आहे त्यांनी ऑर्डरच्या कागदाचा फोटो मला पाठवा, नाव, पत्ता आणि लायसन्स नंबर झाकून. रविवारी दुपारी बघून उत्तर देते. आणि मुलीची गाडी असेल तर फोटो तिलाच पाठवू द्या, दोन प्रश्न मी तिला विचारेन.