नीटचा निकाल रक्ताच्या रिपोर्टसारखा वाचा

2025 च्या जूनमधली गोष्ट. मुरबाड तालुक्यातले एक शेतकरी बारावी झालेल्या मुलीला घेऊन आले. डोकं दुखतं, रात्री झोप नाही, जेवण कमी, अशी तक्रार होती. मी तपासत असताना वडिलांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “साहेब, पोरगी नीट क्वालिफाय झाली. एक जण बाहेरदेशी सीट मिळवून देतो म्हणतोय. रोडलगतची दहा गुंठे काढावी म्हणतो.” कागदावर 720 पैकी दीडशेच्या आसपास गुण होते. मुलगी खाली बघत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

त्या दिवशी डोकेदुखीच्या गोळीपेक्षा त्या कागदाचा अर्थ समजावणं जास्त गरजेचं होतं. शहापूर-मुरबाडच्या अनेक घरांत दरवर्षी हेच घडतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

‘क्वालिफाय’ म्हणजे पास नव्हे

नीटमध्ये 180 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीला 1 गुण कापला जातो. पात्रतेची रेषा गुणांवर नाही, पर्सेंटाइलवर ठरते: खुल्या गटाला 50 वा, एससी, एसटी, ओबीसीला 40 वा. 2025 मध्ये खुल्या गटाची ही रेषा 144 गुणांवर आली, म्हणजे एकूण गुणांच्या फक्त 20 टक्के. परीक्षेला 22 लाखांहून जास्त मुलं बसली आणि 12 लाखांहून जास्त पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी साधारण एकाला जागा, आणि त्यातल्या बऱ्याच जागा खासगी कॉलेजांच्या, फी न झेपणाऱ्या.

पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. एजंट हेच वाक्य अर्धं सांगतात. परदेशात एमबीबीएस करायलाही नीटची पात्रता लागते, हे खरं. पण परत आल्यावर एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात, हे ते सांगत नाहीत.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

बालरोगतज्ज्ञ बाळाची उंची तक्त्यावर मांडतात आणि “85 वा पर्सेंटाइल” म्हणतात. याचा अर्थ बाळ 85 सेंटिमीटर उंच आहे असा नाही. त्याच वयाची 100 बाळं ओळीत उभी केली, तर साधारण 85 त्याच्याएवढी किंवा त्याच्याहून बुटकी असतील, एवढाच अर्थ. एमएचटी-सीईटीचा निकालही असाच असतो. ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पेपरवर होते, म्हणून थेट गुणांची तुलना न करता पर्सेंटाइल देतात. 85 पर्सेंटाइलच्या मुलाला दोनशेपैकी 170 गुण मिळालेत असं समजू नका, आणि 60 पर्सेंटाइल म्हणजे फर्स्ट क्लासही नव्हे.

एका रिपोर्टवर निदान नको

साखर एकदा वाढलेली दिसली म्हणून मी लगेच जन्मभराचं औषध लिहीत नाही. पुन्हा तपासतो, आधी काय खाल्लं होतं ते विचारतो. निकालामागेही माणूस बघा. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे टँकरचे दिवस. भातसा, तानसा शहापुरात, पाणी मुंबईला, आणि आपल्या पाड्यावरची पोरगी परीक्षेच्या महिन्यात हंडा घेऊन रांगेत. क्लासला कल्याण गाठायचं तर मुरबाडहून एसटी, शहापूरकरांना आधी आसनगाव स्टेशन. ज्या मुलाचे रोज तीन-चार तास प्रवासात जातात, त्याचा आकडा शहरातल्या मुलाच्या आकड्याशी तोलताना हे लक्षात ठेवा. परीक्षा त्या दिवशीची तयारी मोजते, मुलाची किंमत नाही.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.4 निघालं. या वयाच्या मुलींना ते किमान 12 हवं. देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्ताल्पता आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) सांगतं. रक्त कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही. आपण मात्र म्हणतो, “अभ्यासाचा कंटाळा करते.”

माझं सांगणं

- परीक्षेआधी ताकदीचं सलाईन लावू नका. अर्धा लिटर ग्लुकोजच्या बाटलीत फक्त 25 ग्रॅम साखर असते. भाकरी-डाळ, अंडं, शेंगदाण्याचा लाडू त्याहून बरा. स्मरणशक्तीच्या टॉनिकवरही पैसे घालवू नका.
- शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नका. बारावीच्या आधी एकदा हिमोग्लोबिन तपासा.
- या वयात किमान आठ तास झोप हवी. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.
- पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.
- जमीन, दागिने किंवा कर्ज यांचा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. आधी मागच्या वर्षीची कॉलेजनिहाय कटऑफ यादी कॉलेजातल्या शिक्षकांबरोबर बसून बघा. फार्मसीला सीईटी चालते, बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी आहे.
- मूल गप्प झालं, जेवेनासं झालं, “मी नसलेलंच बरं” असं बोललं, तर थांबू नका. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो.

वडील बाहेर थांबले तेव्हा ती मुलगी मला म्हणाली, “मला माहीत होतं एवढ्यावर काही मिळत नाही. पण बाबांनी गावात पेढे वाटले होते.” तिची डोकेदुखी तिथे होती. वडिलांना आत बोलावलं आणि तिच्यासमोरच सगळे आकडे सांगितले. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग तिला म्हणाले, “मग आधी का नाही बोललीस?”

तुमच्या घरी पेढे वाटायच्या किंवा रागवायच्या आधी एकदा मुलालाच विचारा, “या आकड्याचा अर्थ काय, मला सांग.” बहुतेक वेळा त्याला तो ठाऊक असतो.