शेठ बरा की कंपनी?

यंदा संक्रांतीला आजोळी गेलो होतो. निफाड तालुक्यातल्या एका गावात, एका बाजूला द्राक्षबागा आणि दुसऱ्या बाजूला कांद्याच्या चाळी अशा रस्त्याला लागून मामाचे घर आहे. जेवणे झाली, सुपारी फिरली आणि धाकट्या मामेभावाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. म्हणाला, "दादा, तू शिकलेला. यातली कोणती नोकरी धरू, सांग."

दोन कागद म्हटले खरे, पण कागद म्हणावा असा एकच होता. बंदरावर कंटेनर वाहणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा, छापील आणि शिक्क्यानिशी. पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी सगळे कलमवार. दुसरे होते वहीचे फाडलेले पान. गावातल्या शेठने त्यावर पेन्सिलीने आकडे मांडले होते : महिन्याला इतके, फेरीमागे भत्ता इतका, दिवाळीला कपडे. खाली सही नव्हती. शेठच्या गाड्या तीन. इथून कांदा दक्षिणेकडे न्यायचा आणि येताना मिळेल ते भाडे भरायचे. गंमत अशी, की बेरीज केल्यावर पेन्सिलीचा आकडा छापील आकड्याहून मोठा निघत होता.

मी अर्थातच छापील कागदावर बोट ठेवले. पलीकडे बाजेवर मामा बसला होता. तीस वर्षे त्याने ट्रक चालवला. तो हसून म्हणाला, "इतकं सोपं असतं तर ड्रायव्हर लोक रोज नाक्यावर त्याच विषयावर बोलत बसले नसते. उद्या याला घेऊन आडगावला जा. ट्रक टर्मिनलवर नुसतं ऐक."

दुसऱ्या दिवशी नाशिकजवळच्या आडगावला गेलो. चहाच्या टपरीवर चार-सहा चालक होते. कुणी पंजाबचा, कुणी उत्तर प्रदेशाचा, दोघे बीडचे. मामेभावाने दोन्ही नोकऱ्यांची हकिगत सांगितली आणि मग तासभर जी चर्चा झाली ती एखाद्या परिसंवादाला लाजवील अशी होती. पगार किती, हे पहिल्याने कुणीच विचारले नाही.

पहिला प्रश्न आला तो खर्चीचा. बाहेरच्या माणसाला हा हिशेब ठाऊक नसतो. जुन्या पद्धतीत मालक फेरीला निघताना ठोक रक्कम हातात देतो. डिझेल, टोल, जेवण, वाराई, वाटेतली चिरीमिरी, सगळे त्यातून भागवायचे. जे उरेल ते चालकाचे, जे कमी पडेल तेही त्याचेच. वर्षानुवर्षे चालकाची खरी कमाई या उरलेल्या पैशांत होती. आता फास्टॅगमुळे टोल परस्पर मालकाच्या खात्यातून जातो, मोठ्या कंपन्यांत डिझेलही कार्डावर भरतात आणि गाडी कुठे किती वेळ उभी होती, हे कार्यालयात बसून दिसते. बीडचा चालक म्हणाला, "कंपनीत हातात पैसा खेळत नाही, पण खिशातून भरावंही लागत नाही. शेठकडे दोन्ही आहे."

दुसरा प्रश्न वेळेचा. शेठ म्हणतो, माल पहाटे बाजारात लागला पाहिजे. कांदा उशिरा पोचला, भाव पडला, तर बोल कुणाला? चालकाला. कंपनीत तशी घाई थोडी कमी. पण तिथे रांग आहे. बंदराच्या दाराशी कंटेनरची गाडी तासन् तास पुढे सरकत असते. झोपायची सोय नाही, उतरायची सोय नाही, आणि चाक फिरत नसल्याने तो वेळ कुठे मोजलाही जात नाही.

तिसरा प्रश्न घराचा : परत कधी यायला मिळणार? २०१४ साली सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीने यावर एक तोड काढली होती. चार-पाच तास गाडी चालवायची, ठरलेल्या थांब्यावर ती दुसऱ्या चालकाच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी यायचे. २०२२ साली त्या कंपनीचा मालवाहतुकीचा मुख्य व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने विकत घेतला. पण तीन गाड्यांच्या शेठला अशी साखळी जुळवणार कशी? त्याची गाडी परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखात उभी राहणार.

चौथ्या प्रश्नाला मात्र सगळे गप्प झाले. मग एक वयस्क चालक म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. रात्री दोनला गाडी लागली, तर येणार कोण?"

वाचकांना जानेवारी २०२४ मधल्या पेट्रोल पंपांवरच्या रांगा आठवत असतील. भारतीय न्याय संहितेत तरतूद आली होती, की अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. चालकांनी गाड्या थांबवल्या. आमच्या जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणारे टँकरही उभे राहिले आणि दोन दिवसांत घराघरांत हाय खाल्ली गेली. केंद्र सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून मगच अंमल करू, असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे कलम वगळून. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी विचारले होते, पळणाऱ्याला शिक्षा नको का? हवीच. पण जमाव गाडीभोवती गोळा होतो तेव्हा चालक एकटा असतो, हेही तितकेच खरे. जामीन, वकील, गाडी सोडवणे, घरी निरोप, हे कोण करणार, यावर त्याच्या नोकरीची किंमत ठरते.

मामाची गोष्ट मला त्या टपरीवरच आठवली. १९९८ च्या पावसाळ्यात कसारा घाटात त्याची गाडी कलंडली. तेव्हाचा शेठ, म्हणजे आताच्या शेठचे वडील, रात्रीच जीप काढून पैसे घेऊन आले. दवाखान्याचे बिल त्यांनी भरले, मामीला चार महिने निम्मा पगार घरपोच दिला. कोणत्या कंपनीचा साहेब हे करील? म्हणून मामा त्या घराला आजही नाव ठेवू देत नाही. पण तीस वर्षांनी त्याने काम सोडले तेव्हा हातात काय आले? टॉवेल-टोपी आणि नारळ. निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. इतकी वर्षे तिथे नोकरी केली हे दाखवायला त्याच्याकडे एक वाकडा पाय आहे, दुसरा पुरावा नाही.

शेठ वाईट आणि कंपनी चांगली, असा हा मामला नाही. शेठकडे माया आहे, पण ती त्याच्या मर्जीवर आणि ऐपतीवर. कंपनीकडे कागद आहे, पण हाकेला माणूस नाही. माया आणि कागद एकाच जागी मिळत नाहीत, हीच खरी अडचण. मायेची सक्ती कुणावर करता येत नाही. कागदाची करता येते, आणि तिथेच आपला कायदा कच खातो.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असे सगळे त्यात होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिच्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची चांगली तरतूद आहे, मात्र उंबरठा पाचाचा दहा झाला. भविष्यनिर्वाह निधीला तर वीस माणसे लागतात. आपल्याकडे बहुतेक ट्रकमालक पाच किंवा त्याहून कमी गाड्यांचे धनी आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे हा धंदा मुख्यतः आहे, तेच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहतात.

लहान मालकाला जाच नको, हे म्हणणे मला पटते. त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, टायरचा खर्च असतो. पण मग फास्टॅग कसा आला? ई-वे बिल कसे आले? ती एका गाडीच्या मालकालाही लागू आहेत आणि हजार गाड्यांच्या कंपनीलाही. सर्वसाधारण मालाने २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने पोचले पाहिजे, असे ई-वे बिल सांगते. मालाचा प्रवास आपण दिवसाने मोजतो, पण तो नेणारा माणूस किती तास जागा आहे हे मोजत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी १२ तास गाडी चालवत असल्याचे दिसले, आणि आपल्या नातलगांना या धंद्यात या, असे सांगणार नाही म्हणणारे ८४ टक्के निघाले. २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण गार हवेतही बारा तास ते बारा तासच.

यात एक गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. कामावर असताना चालक जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि तिला गाड्यांची वा माणसांची किमान संख्या लागत नाही. मात्र हा आपला नोकर होता, हे सिद्ध करावे लागते. म्हणून शेठ कितीही घरचा असो, रुजू झाल्याची तारीख आणि पगाराचा आकडा लिहिलेले एक सहीचे पत्र मागून घ्यावे. पगार बँकेत घ्यावा. यात अविश्वास नाही, बायकामुलांची सोय आहे.

हे सगळे मामेभावाने शेठला जाऊन सांगितले. शेठला राग आला. "तुझ्या बापानं कधी कागद मागितला का?" असे त्यांनी विचारले. यावर पोरगा काही बोलला नाही. कंपनीच्या साहेबालाही त्याने चौथा प्रश्न विचारला होता. त्यांनी एक दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.

माघ महिन्यात तो कंपनीत रुजू झाला. पगार थोडा कमी, घरी येणे पंधरा दिवसांनी. निघताना तो शेठच्या पाया पडायला गेला, तेव्हा ते म्हणाले, "वाटेत काही झालं तर त्या नंबरवर कर फोन. नाही उचलला, तर मला कर." मामाने ही गोष्ट मला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना तो म्हणाला, "हे तेवढं कागदावर दिलं असतं, तर पोरगा गावातच राहिला असता."