छताला बांधलेले फुगे

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलची अंतिम मालिका जवळ आली, की भाकितांना ऊत येतो. त्यातून लेकर्स आणि सेल्टिक्स समोरासमोर येणार असतील तर विचारायलाच नको! एक पश्चिमेकडचा संघ, एक पूर्वेकडचा. त्यामुळे बाद फेरीत त्यांची गाठ पडते ती थेट विजेतेपदासाठीच. १९५९ ते २०१० या काळात ती १२ वेळा पडली. ९ वेळा सेल्टिक्स जिंकले, ३ वेळा लेकर्स.

हे आकडे पाहून निकाल सांगणाऱ्यांनी १९६९ साल आठवावे. ३-३ अशी बरोबरी, सातवा सामना लॉस एंजेलिसला. लेकर्सच्या मालकांनी विजयोत्सवासाठी हजारो फुगे आधीच छताला बांधून ठेवले. सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले आणि फुगे वरच राहिले! तरी मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हरलेल्या लेकर्सचा जेरी वेस्ट. पराभूत संघातल्या खेळाडूला हा मान पुन्हा कधी मिळालेला नाही.

२०१० च्या सातव्या सामन्यात कोबी ब्रायंटचे २४ पैकी १८ नेम चुकले. पण त्याने १५ रिबाउंड मिळवले आणि लेकर्स ८३-७९ असे जिंकले.

पहिल्याच दिवशी मुलांवर शिक्का मारून मोकळे होणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. हे भाकीतवाले त्यांचेच भाऊबंद. चार विजय मिळेपर्यंत निकाल लागत नाही, हेच तर या मालिकेचे मोठेपण. तेव्हा हे दोघे पुन्हा भेटतील तेव्हा सगळे सामने पाहा, आणि थोड्या टाळ्या हरणाऱ्यासाठीही राखून ठेवा.