टपावरचा तंबू आणि जमिनीवरचा हक्क

मोटारीच्या टपावर घडी करून बसवायचा आणि मुक्कामी उलगडून शिडीने वर चढायचा तंबू आता महाराष्ट्रातील मध्यमवर्गालाही खुणावू लागला आहे. जाहिरातीत त्याचे नाव ‘स्वातंत्र्य’. हॉटेल नको, आरक्षण नको; वाटेल तेथे थांबावे आणि चांदण्यात झोपावे. या स्वातंत्र्याची किंमत लाखाच्या घरात जाते. ती मोजण्याजोगी आहे काय, हा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो त्यांत चळवळीच्या हितचिंतकांचीही घरे आहेत. म्हणून तो थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही.

प्रथम हिशेब. तंबूला १,२०,००० रुपये पडले आणि नोकरदार कुटुंबाने वर्षाकाठी त्यात सहा रात्री काढल्या, असे समजू. पाच वर्षांत तीस रात्री होतात. म्हणजे रात्रीला ४,००० रुपये. पुढे तंबू विकून काही रक्कम हाती येईल, हे खरे. परंतु तेवढ्याने पारडे फिरत नाही. तेवढ्या पैशांत साधी, स्वच्छ खोली मिळते आणि खोलीला पाणी व संडास असतो. टपावर दोन्ही नसतात. शिवाय तंबूचे वजन पन्नास-साठ किलोंच्या पुढे जाते आणि कित्येक लहान मोटारींचे टप चालत्या गाडीत तेवढाच भार सोसू शकते. कॅरिअरचा खर्च वेगळा, वारा अडून पेट्रोल अधिक जळते ते वेगळे. आणि रात्री कोणाला दवाखान्यात न्यावयाचे झाले, तर आधी बिऱ्हाड मोडावे लागते. जमिनीवर ठोकायचा तंबू काही हजारांत येतो. कामानिमित्त वर्षातील चाळीस-पन्नास रात्री रानावनात काढाव्या लागणाऱ्यापुरता हा हिशेब उलटतो. इतरांसाठी हा सौदा तोट्याचा आहे.

परंतु प्रश्न एवढ्याने मिटत नाही. ‘वाटेल तेथे थांबा’ असे सांगणारा दुकानदार थांबण्याची जागा मात्र विकत नाही. ती समाजाने मोकळी ठेवलेली असेल, असे तो गृहीत धरतो. गायरानांवर अतिक्रमणे होत आहेत, समुद्रकिनारे रिसॉर्टांच्या कुंपणांत जात आहेत आणि राखीव जंगलात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. सार्वजनिक जमीन आक्रसत असताना खाजगी तंबू कितीही उंच चढवला, तरी त्याची चाके कोठेतरी टेकावीच लागतात.

दुसरी चूक आपल्याच बाजूची आहे. ‘ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कोपीत काढतो, तेव्हा ही चैन शोभते काय?’ असे काही कार्यकर्ते विचारतात. त्यांचा संताप प्रामाणिक आहे. निष्कर्ष मात्र अपुरा आहे. विश्रांती ही चैन नव्हे. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ साली प्रचंड संप केले आणि लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. लेओ लाग्रांज यांनी रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली. हजारो कामगार सायकलींवर तंबू बांधून निघाले आणि कित्येकांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. तेथे आधी हक्क आला, तंबू नंतर.

पूर्व जर्मनीचा अनुभवही समाजवाद्यांनी विसरू नये. तेथे सुट्टीतील निवासाच्या जागा कामगार संघटनेची यंत्रणा वाटून देई आणि त्या सर्वांना पुरत नसत. मग लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवलेल्या चिमुकल्या ‘ट्राबांट’ गाडीच्या टपावर तंबू चढवला. जी गरज बाजार पैशाने मोजतो, तीच गरज नोकरशाही शिक्क्याने मोजू लागली, की माणूस आपली वाट आपण काढतो. विश्रांतीची व्यवस्था सार्वजनिक हवी. तिचा कारभार मात्र लोकांच्या हाती हवा.

महाराष्ट्रात काय दिसते? १९४८च्या फॅक्टरी कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. ठेकेदारीने ती पुष्कळ ठिकाणी कागदावरच ठेवली आणि ऊसतोड मजुरापर्यंत ती कधी पोचलीच नाही. त्याने एक दिवस काम चुकवले, तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. मध्यमवर्गाच्या तंबूला नाके मुरडून हा दंड बंद होणार नाही.

म्हणून हितचिंतकांनी लाख रुपये टपावर चढवू नयेत. दहा कुटुंबांनी मिळून जमिनीवरचे दोन-तीन चांगले तंबू घ्यावेत आणि आळीपाळीने वापरावेत. कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतींकडे पाणी व संडास असलेली, नाममात्र शुल्काची मुक्कामाची मैदाने मागावीत. सुट्टीत शाळांच्या इमारती शिबिरांना आणि प्रवासी कुटुंबांना खुल्या कराव्यात, असा आग्रह धरावा. आणि ठेकेदारीतील कामगाराच्या व ऊसतोड मजुराच्या पगारी रजेची मागणी वेतनाच्या मागणीइतकीच नेटाने लढवावी. कोपीतल्या माणसालाही समुद्र पाहण्याचा हक्क आहे. आणि त्यासाठी मोटार असण्याची अट असता कामा नये.